नरक्याची रोपं बाटलीत झाली, आता रानात कशी न्यायची? (अनुभव लिहितेय, सल्ला हवाय)

रानजाई
१४ ऑगस्ट, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिणार आहे, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल म्हणून सगळंच लिहिते.

माझं माहेर आजरा तालुक्यातलं. घरामागं चढावर आमची थोडी मालकीची रानजमीन आहे, तिच्या पुढं फॉरेस्ट लागतं. लहानपणी त्या चढावर नरक्या इतका होता की पावसाळ्यात तो फुलला की आजी मागचं दार लावून घ्यायची, वासच तसा, जवळपास कायतरी मरून पडलंय असा. नाव त्यावरनंच पडलं असणार. पुस्तकातलं नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना, जुन्या पुस्तकांत मॅपिया फिटिडा, आणि फिटिडा म्हणजे परत दुर्गंधीच. आमच्याकडं गुरं त्याला तोंड लावायची नाहीत, जळणालाही कुणी आणायचं नाही, त्यामुळं झाड आपलं सुखात होतं.

मी दहावीत असताना टेंपो यायला लागले. नुसतं तोडायचं नाही, मुळासकट उपटायचं, मुळात माल जास्त असतो असं ती माणसं सांगायची. तुकडे करायचे, वाळवायचे, पोत्यात भरायचे आणि रात्रीचं न्यायचं. आमच्या काकांनीही आमच्या रानातली झाडं दिली. घाण वासाचं झाड जातंय आणि वर चार पैसे मिळताहेत, कोण नको म्हणणार? पुढं कॉलेजात बॉटनीच्या तासाला मॅडमनी फळ्यावर 'कॅम्पटोथेसिन' (कॅन्सरवरच्या औषधांचं मूळ रसायन) लिहिलं आणि खाली आपल्याकडचा स्रोत म्हणून नरक्याचं नाव लिहिलं, तेव्हा मला कळलं ते टेंपो कशासाठी यायचे. त्या दिवशी घरी फोन केला आणि काकांना विचारलं किती झाडं उरलीत. ते म्हणाले, बघून सांगतो. दुसऱ्या दिवशी फोन आला, एक. तेही कड्याच्या तोंडाशी आहे म्हणून राहिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६६ साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन वेगळं काढलं. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच रसायन आपल्या नरक्यात दाखवलं, आणि हे काम झालं मुंबईत, गोरेगावच्या सीबा रिसर्च सेंटरला. पेशीची विभागणी होताना डीएनएचा पीळ सोडवणारं एक एन्झाइम असतं, ते धागा कापतं, पीळ सोडतं आणि परत जोडतं, हे औषध त्याला कापलेल्या अवस्थेतच अडकवून ठेवतं त्यामुळं भराभर वाढणारी पेशी मरते. टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही त्याच्यापासून केलेली दोन औषधं, दोन्हींना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली, एक अंडाशयाच्या आणि एक मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर. कारखान्यात ती तयार होतात पण सुरुवातीचा माल अजून झाडातूनच येतो. आणि वाळलेल्या लाकडात त्याचं प्रमाण एक टक्कासुद्धा नसतं, म्हणजे थोड्याशा औषधासाठी किती लाकूड जात असेल याचा अंदाज करा.

आता माझं काम. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी हट्टानं नरक्याच घेतला. गाइड म्हणाले होते, कोरफड घे, सफेद मुसळी घे, वेळेत संपेल. रानातल्या झाडाचं टिश्यू कल्चर, म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं करणं, किती त्रासाचं असतं ते नंतर कळलं. कड्यावरच्या त्या झाडाच्या कोवळ्या फांद्या आणायच्या, नळाखाली धुवायच्या, बुरशीनाशकात ठेवायच्या, मग लॅमिनारमध्ये (निर्जंतुक हवेचं कपाट) जंतू मारायला मर्क्युरिक क्लोराइड देऊन तीनतीनदा निर्जंतुक पाण्यानं धुवायचं, पेराचा तुकडा कापून एमएस मिडियावर (रोपाचं खाद्य घातलेली अगारची जेली) लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली उजेडाकडं धरली की कापलेल्या टोकाभोवती अगारमध्ये चहा सांडल्यासारखं तपकिरी कडं दिसायचं. झाडातले फिनॉल बाहेर पडतात, हवेनं काळे होतात आणि तुकडा स्वतःच्याच विषात मरतो. काळं पडणं रोखायला ॲस्कॉर्बिक ॲसिड घातलं, पीव्हीपी घातलं, पहिले काही दिवस अंधारात ठेवलं, दर दोन दिवसांनी नव्या मिडियावर हलवलं. शेवटी हलवण्यानंच जास्त फरक पडला. त्यातून जे वाचायचे त्यांच्यात दोन-तीन आठवड्यांनी बुरशी यायची, वरनं नव्हे तर तुकड्याच्या आतनं, कारण ती झाडातच राहणारी असते, तिला मर्क्युरिक क्लोराइड पोचतच नाही.

तरी फुटवे आले. टीडीझेड (फुटवे आणणारं द्रव्य) अगदी कमी दिलं की गुच्छच्या गुच्छ येतात, पण जास्त दिवस ठेवलं तर फुटवे खुजे आणि काचेसारखे होतात, मग त्यांना साध्या मिडियावर नेऊन उंच करायचं, मग आयबीए (मुळं आणणारं द्रव्य) देऊन मुळं. पहिली चाळीस मुळांवर आलेली रोपं मी कपात लावली तेव्हा मी कपांचे फोटो आईला पाठवले होते. ती सगळी गेली. दिवाळीच्या सुट्टीत ग्रीनहाऊसमधली हवा ओली ठेवणारा फॉगर बंद पडला, कुणाच्या लक्षात आलं नाही, मी गावी होते. संस्थेचं नाव घ्यायचं नाहीये, चूक माझीही होती की मी कुणाला जबाबदारी देऊन गेले नाही. परत आले तेव्हा कपांत काळ्या दोऱ्या उभ्या होत्या.

आता नोकरी दुसरीकडं आहे पण एका मैत्रिणीची छोटी लॅब आहे, तिथं संध्याकाळी जाऊन मी परत सुरुवात केली. आज दीडेकशे बाटल्यांत फुटवे आहेत, त्यातल्या तीसेकांना मुळं आलीत. दोन प्रश्न आहेत. एक, हार्डनिंगमध्ये, म्हणजे बाटलीतलं रोप बाहेरच्या हवेला सरावताना, मर कशी कमी करायची? दुसरा प्रश्न मला झोपू देत नाहीये. ही सगळी रोपं त्या एकाच झाडाची आहेत. ती रानात लावणं बरोबर आहे का?

---

सह्यवाटसरू
१४ ऑगस्ट, रात्री ११:१५

वाचतोय. काकांचा 'एक' वाचून कसंतरी झालं. एक शंका, आमच्या भागात नरक्याला अमृता म्हणतात असं एका ट्रेकला ऐकलं होतं आणि घरी आई गुळवेलीला अमृता म्हणते, लॉकडाऊनमध्ये आम्ही तिचाच काढा प्यायचो. म्हणजे ही दोन्ही एकच का?

---

वैद्य_साताऱ्याचा
१५ ऑगस्ट, सकाळी ७:०५

एकच नाहीत, आणि हे ठळक अक्षरात लिहायला पाहिजे. गुळवेल ही वेल, तिचं संस्कृत नाव अमृता. नरक्या हे छोटं झाड, पश्चिम महाराष्ट्रात काही ठिकाणी त्यालाही अमृता म्हणायची पद्धत पडली आहे आणि त्यानं फार गोंधळ होतो. नरक्याचा काढा कुणीही करू नका. कॅन्सरवर चालतं म्हणून साल उकळून पिणारे लोक मी पाहिले आहेत, त्यातल्या एकाला जुलाब आणि रक्ताच्या लघवीवर दवाखान्यात न्यावं लागलं. सत्तरच्या दशकात हे रसायन शुद्ध करून रुग्णांना दिलं तेव्हासुद्धा मूत्राशयातून रक्तस्राव आणि भयंकर जुलाब व्हायला लागले म्हणून त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या होत्या. नंतर रेणूत बदल केले तेव्हा कुठं ते औषध झालं. सालीत किती आहे ते तुम्ही घरी मोजणार कसं? माझ्याकडं कुणी विचारायला आलं तर मी सरळ सांगतो, हे आपल्या काढ्याचं झाड नाही, त्यापासून केलेलं औषध ऑन्कोलॉजिस्टच्या (कॅन्सरच्या डॉक्टरच्या) हातूनच घ्यायचं.

---

केळीवाला_रावेर
१५ ऑगस्ट, दुपारी १:३०

ताई, तुमचं झाड मला माहीत नाही, पण टिश्यूचं रोप माहीत आहे. आमच्याकडे घरोघरी टिश्यूची केळी आहे, आणि मी स्वतः सहा वर्षं सेकंडरी हार्डनिंगचं शेडनेट चालवलंय म्हणून बोलतो.

बाटलीतलं रोप हे दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतलं बाळ समजा. बाटलीत हवा ओलीचिंब असते त्यामुळे पानावर मेणाचा थर धरत नाही आणि पानाची छिद्रं मिटायला शिकलेली नसतात. बाहेर काढलं की ते पाणी सोडत राहतं आणि मुळं तर अजून नावालाच असतात. म्हणून तुमच्या कपात काळ्या दोऱ्या झाल्या, फॉगर नुसतं निमित्त.

आम्ही काय करतो ते सांगतो. बाटल्या लॅबमधून आणल्या की आधी आठवडाभर झाकण न काढता साध्या उजेडात ठेवायच्या, थेट उन्हात नाही. मग दोन-तीन दिवस झाकण सैल. मग रोप काढून कोमट पाण्यात बोटानं अगार धुवायचं, एक कण राहता कामा नये, त्यात साखर असते आणि बुरशी तिथूनच धरते. बुरशीनाशकात बुडवून प्रोट्रेमध्ये (कप्प्यांचा ट्रे) कोकोपीटात (नारळाचा भुसा). वर प्लॅस्टिकचा बुटका बोगदा. पहिले दहा दिवस बोगदा उघडायचाच नाही, नंतर सकाळी अर्धा तास, मग एक तास, असं वाढवत न्यायचं. कोकोपीट मुठीत दाबलं तर थेंब पडता कामा नये, नुसता ओलावा हाताला लागावा. सगळ्यात जास्त रोपं पाण्यावाचून नाही मरत, जास्त पाण्यानं मरतात. आणि हो, केळीत आम्ही एका आईच्या तुकड्याला आठ सबकल्चरच्या (तुकडे करून नव्या मिडियावर हलवणं) पुढं नेत नाही, त्यानंतर भलतीच रोपं निघायला लागतात, खुजी, पान चिरफळलेली. तुमची कितवी चालली आहे ते लिहून ठेवता का?

आणि भरवशाचा माणूस ठेवा. सुट्टीच्या दिवशी कोण बघणार हे आधी ठरवा, मग बाटली उघडा.

---

रानजाई
१५ ऑगस्ट, रात्री ९:५०

दादा, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून लॅबच्या दारावर लावणार आहे. अगार धुण्याचं मी घाईत करत होते, मुळं तुटतील या भीतीनं अर्धवट सोडायचे. सबकल्चर पाचवी चालू आहे, नोंद आहे.

वैद्यकाका, आभार. ती अमृताची गोष्ट मला सुचलीच नव्हती.

---

जंगलवाट
१६ ऑगस्ट, सकाळी ६:२०

पोरी, मी फॉरेस्टात वनरक्षक होतो, राधानगरी भागात बरीच वर्सं काढली, आता घरी असतो. नातवाकडनं टाइप करून घेतोय.

पैली गोष्ट, तू कड्याचं झाड, तालुका सगळं लिवलंस, ठीक हाय, पण फोटो टाकू नकोस आणि वाडीचं नाव कुणी इचारलं तर सांगू नकोस. मोबाइलच्या फोटोत जागा निघती म्हणं. आमच्या टायमाला माल धरला की पोत्यात भुगा असायचा, त्यातनं कळायचं न्हाई किती झाडं गेली. एकदा रात्री एक गाडी धरली, वर आंब्याच्या पेट्या आणि खाली पोती. डायवर पोरगा इशीतला, त्याला झाडाचं नावबी ठाऊक न्हवतं. त्याला कोर्टात उभं केलं, ज्यानं पाठवला तो कुटंच दिसला न्हाई.

दुसरी गोष्ट. नरक्या वरनं कापला तर बुंध्यातनं फुटतो, चांगला फुटतो. उपटला की संपला. रानातली झाडं संपली ती उपटून संपली. गावात कुणाला लावायचीच आसंल तर त्यानला हे आधी सांग, बुंधा हातभर राखायचा आणि मुळाला हात लावायचा न्हाई.

तिसरं. मला बाटलीतलं काय कळत न्हाई. पण दिवाळीच्या मागनं फळं पिकत्यात, आधी लाल मग जांभळाच्या रंगाची, आत एक बी. पाखरं खात्यात. बी ताजी आसंल तर उगवती, वाळवून डब्यात ठेवलीस तर कोळसा. सावलीतच उगवती, उन्हात न्हाई, आणि वाट लै बघाय लावती, आम्ही नर्सरीत दोन-दोन महिनं वाफ्याकडं बघत बसायचो आणि लोक म्हणायचं, गेलं बी. मग एकदम डोकी वर. मला आजून चार रानं ठाऊक हाईत जिथं झाडं हाईत, एक तर देवराईत हाय. हितं लिवणार न्हाई. तू ये, मी दाखवतो.

---

चंदगडचा_शेतकरी
१६ ऑगस्ट, सकाळी ११:००

काजूच्या बागेत सावलीला हे लावलं तर परवडेल का? आणि विकायला परवानगी कोणाची? रेट कुणाला माहीत असेल तर सांगा.

---

देवराईची_बाई
१६ ऑगस्ट, दुपारी ४:१०

मी सावंतवाडीकडे वनस्पतिशास्त्र शिकवते. आधी शेतकरीदादांना. काजूच्या कडेला, ओढ्याच्या बाजूला लावता येईल, त्याला कोवळेपणी सावली लागतेच. पण मालकीच्या रानातला माल हलवायलाही फॉरेस्टचा वाहतूक परवाना लागतो हे धरून चला. जैवविविधता कायद्यात २०२३ ला जी दुरुस्ती झाली तिच्यात लागवडीतल्या औषधी वनस्पतींना सूट दिलीय, पण माल लागवडीचाच आहे हे दाखवावं लागतं, म्हणून पहिल्या रोपापासून ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे नोंद करून ठेवा. पुढे ट्रक अडवला तर तो कागदच कामाला येईल. रेट मी सांगणार नाही, रेटच्या चर्चेनंच गावोगावची रानं रिकामी झाली.

रानजाई, आता तुमचा दुसरा प्रश्न. मला तुमच्या झोप न येण्याचं फार बरं वाटलं. एकाच झाडाची दीडशे रोपं म्हणजे दीडशे झाडं नव्हेत, एकच झाड दीडशे जागी उभं. त्याला जो रोग होईल तो सगळ्यांना होईल. आणि नरक्यात दुसरी अडचण आहे, याच्यात नर आणि मादी झाडंही वेगळी असतात, काही झाडांवर दोन्ही प्रकारची फुलं असतात. तुमचं कड्यावरचं झाड नर असेल तर तुम्ही अख्खा डोंगर नरांनी भरून टाकाल आणि एकही फळ धरणार नाही. कधी फळं पाहिलीत का त्याच्यावर?

मी असं करीन. फांदीच्या पेराऐवजी बियांपासून कल्चर सुरू करा. काका सांगतात ती बी वाफ्यात दोन महिने बसते कारण आतला गर्भ झोपलेला असतो, लॅबमध्ये बी फोडून गर्भ काढून मिडियावर लावला तर तो लवकर जागा होतो. कोवळ्या रोपाच्या दांड्याचे तुकडे म्हाताऱ्या झाडाच्या पेरापेक्षा कितीतरी चांगले फुटतात, काळे पडणं कमी, आतली बुरशीही कमी. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक बी ही वेगळी. दहा-पंधरा झाडांच्या बिया घ्या, शक्यतो त्याच डोंगररांगेतल्या, प्रत्येक बीची स्वतंत्र ओळ ठेवा, बाटलीवर झाड क्रमांक आणि बी क्रमांक दोन्ही लिहा, आणि एका ओळीतून पंचवीस-तीसपेक्षा जास्त रोपं काढू नका. कड्यावरच्या झाडाची ओळ टाकून देऊ नका, ती त्या एका झाडाची आठवण आहे, पण रानात नेताना ती एकटी नेऊ नका.

एक मत आहे माझं, पटलं नाही तर सांगा. रानात परत लावायला आधी बीची रोपं, आणि टिश्यूची रोपं शेताला. औषधाच्या मागणीचा भार शेतातल्या रोपांनी उचलला तर रानाकडे टेंपो कमी येतील.

---

कोडगा_प्रश्न
१६ ऑगस्ट, रात्री ८:३०

झाड लावायचंच कशाला? पेशी टाकीत वाढवून किंवा जंतूंकडून रसायन करून घेता येत नाही का? इन्सुलिन तसंच करतात ना.

---

रानजाई
१६ ऑगस्ट, रात्री १०:२०

प्रश्न बरोबर आहे. कॅलस (बाटलीत वाढणारा नुसता पेशींचा गोळा) आणि पेशींच्या कल्चरमध्ये कॅम्पटोथेसिन सापडतं, पण फार कमी. झाड ते ऊती तयार झाल्यावर साठवतं, नुसता पेशींचा गोळा तितकं करत नाही. मी एमएस्सीत कॅलस भरपूर वाढवला होता, पिवळसर, भुसभुशीत, बाटली भरून, आणि टीएलसी प्लेटवर (रसायनं ठिपक्यांनी वेगळी दाखवणारी पट्टी) कॅम्पटोथेसिनचा ठिपका शोधायला डोळे बारीक करावे लागायचे. आणि जी बुरशी मला बाटलीत छळते तिची बहीण इथं कामाला आली होती. २००५ मध्ये जम्मूच्या रिजनल रिसर्च लॅबमधल्या संशोधकांनी नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी वेगळी काढली, ती स्वतःच कॅम्पटोथेसिन करत होती. फार आशा होती. पण अशा बुरशी झाडाबाहेर परत परत वाढवल्या की त्यांचं रसायन करणं कमी होत जातं. झाड आणि ती मिळून काहीतरी करतात जे अजून पूर्ण उलगडलेलं नाही. तोवर झाड लागणारच.

देवराईताई, कड्यावरच्या झाडावर मी फळ पाहिलेलं नाही. आजीला विचारायला आता ती नाही. काकांना विचारते.

---

कॅरीकर
१७ ऑगस्ट, सकाळी ९:००

नॉर्थ कॅरोलायनातून लिहितोय. तुम्ही वाणींचं नाव घेतलंत म्हणून राहवलं नाही. मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे. १९२५ चा जन्म, मुंबई विद्यापीठातून एमएस्सी, मग इकडे पीएचडी आणि पुढचं सगळं आयुष्य इथल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये. कॅम्पटोथेसिन आणि टॅक्सॉल, कॅन्सरची दोन मोठी औषधं त्यांच्या आणि वॉल यांच्या हातून निघाली. त्या कामासाठी २००३ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीनं त्या जागेला ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. २०२० मध्ये ते गेले. नंदुरबारचा माणूस चिनी झाडात जे शोधतो तेच नंतर सह्याद्रीतल्या झाडात सापडतं, हे मी इथल्या मराठी शाळेत मुलांना सांगितलं तेव्हा एका मुलानं विचारलं, मग ते झाड अजून आहे का? मी आहे म्हणालो. आता तुमचा धागा वाचून वाटलं की नीट उत्तर दिलं नाही.

---

अनघा_प
१७ ऑगस्ट, रात्री ११:४५

मी कधी लिहीत नाही इथे, फक्त वाचते. माझ्या बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता, इरिनोटेकान चालू होतं पुण्यात. दर पंधरा दिवसांनी डे केअरला, खुर्चीत, दीड तास ती बाटली. दुसऱ्या दिवसापासून जुलाब, डॉक्टरांनी गोळी कधी सुरू करायची ते कागदावर लिहून दिलेलं, तो कागद अजून फ्रिजवर आहे. त्या औषधामुळे बाबा अकरा महिने जास्त राहिले, माझ्या मुलीच्या बारशाला होते. मला आज पहिल्यांदा कळलं की त्या बाटलीत एखाद्या झाडाचं असं काही होतं. बाबा मूळचे भुदरगडचे. कुणी सांगितलं असतं तर त्यांना फार आवडलं असतं.

रानजाई, तुम्हाला पैसे किंवा सामान काही लागलं तर मला निरोप करा. खरंच करा.

---

रानजाई
१८ ऑगस्ट, रात्री १२:१०

अनघा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. निरोप केलाय.

---

केळीवाला_रावेर
१८ ऑगस्ट, सकाळी ८:००

अनघाताई, बाबांना नमस्कार.

रानजाईताई, प्रोट्रे आणि कोकोपीट मी पाठवतो, पत्ता कळवा. कोकोपीट आधी दोनदा गोड्या पाण्यानं धुवा, खार असतो त्यात.

---

रानजाई
२ फेब्रुवारी, रात्री ९:३०

मंडळी, धागा वर काढतेय.

काका (जंगलवाट) बरोबर नोव्हेंबरात तीन रविवार फिरले. एकूण तेरा झाडांखालची फळं मिळाली, काही पाखरांनी आधीच संपवलेली. देवराईतलं झाड सगळ्यात मोठं, तिथं काकांनी आधी नारळ ठेवला, गुरवांना विचारलं आणि मगच हात लावला, खाली पडलेलीच घ्यायची, झाडावरची नाही असं गुरव म्हणाले, तसंच केलं. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत नोंद केली, समितीचं शेवटचं पान कधी भरलं होतं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण सरपंचबाईंनी बसून लिहून घेतलं.

त्याच संध्याकाळी फळांचा गर काढला. हात दोन दिवस जांभळे होते. अर्ध्या बिया वाफ्यात, अर्ध्या लॅबमध्ये. गर्भ काढताना पहिल्या वीसेक बिया वाया गेल्या, सुरीनं गर्भच कापला जात होता. मग बी रात्रभर निर्जंतुक पाण्यात भिजवून कडेनं चीर दिली तर आतली पातळ पांढरी पानं अलगद बाहेर आली, कागदासारखी, दोन चिकटलेली. मिडियावर ठेवल्यावर आठवड्यात हिरवी झाली. देवराईताई म्हणाल्या तसंच आहे, काळं कडं जवळपास नाही. आता तेरापैकी अकरा झाडांच्या ओळी बाटलीत आहेत.

जुन्या लॉटची बत्तीस रोपं रावेरच्या दादांच्या पद्धतीनं काढली. सकाळी मी, दुपारी मैत्रिणीची आई, सुट्टीला शेजारचा अकरावीतला मुलगा, वही ठेवलीय, बोगदा किती वाजता उघडला ते लिहायचं. पहिल्या पंधरवड्यात नऊ गेली, त्यातली पाच एकाच ट्रेमधली, तिथं भोकं बुजून पाणी साठलं होतं. नंतर दोन. एकवीस आहेत. आता पिशवीत आहेत, शेडनेटखाली.

वाफ्यात अजून काही नाही. अडीच महिने होत आले.

आणि कड्यावरच्या झाडाचं. काका (माझे) म्हणाले, फळ त्यांनीही कधी पाहिलं नाही. तेव्हा ती एकवीस रोपं मी आत्ता रानात लावणार नाही, परसात वाढवणार. फुलतील तेव्हा बघू नर आहे का. तोवर बीची रोपं तयार होतील.

---

जंगलवाट
३ फेब्रुवारी, सकाळी ६:१५

वाफा मोडू नको. वरनं पालापाचोळ्याची चादर ठेव, पातळ, आणि झारीनं पाणी दे, पायपानं न्हाई. शिमग्यापतूर वाट बघ.

---

देवराईची_बाई
३ फेब्रुवारी, दुपारी २:००

अकरा ओळी! राहिलेल्या दोन झाडांच्या बिया पुढच्या वर्षी परत आणू, मी येईन सोबत. वाफ्यातल्यांनाही झाड क्रमांकाच्या काड्या लावल्यात ना?

---

रानजाई
९ मार्च, सकाळी ६:५०

काड्या लावल्यात. आणि काका, आज सकाळी झारी घेऊन गेले तर चार नंबरच्या काडीपाशी पाचोळा उचलला गेलेला होता, आधी वाटलं उंदीर. बोटानं बाजूला केलं तर खाली वाकलेला दांडा, बीचं टरफल अजून डोक्यावर घेऊन. शेजारी अजून दोन. चार नंबर म्हणजे देवराईतलं झाड. टरफल काढायला हात गेला होता, पण नाही काढलं. पाणी देऊन आले.